गांधार चढा लागतो

अर्डुइनो उनोवर सिंथेसायझर बांधायचं किट आणलं की पहिल्याच संध्याकाळी त्यातून आवाज निघतो, आणि बहुतेकांचं काम तिथेच संपतं. समता कॉलनीतल्या आमच्या घरात ते संपलं नाही, कारण इथे रोज रियाज चालतो. यंत्राचा सा काळी एकला धरला, शेजारी तानपुरा सुरू होता, आणि गांधाराची कळ दाबली. आतून आई म्हणाली, "अरे, केवढा चढा लागतोय हा!"

चढाच होता. किटसोबत आलेल्या कोडमधले स्वर पियानोचे, सारख्या अंतराचे बारा. काळी एकचा सा २७७.१८ हर्ट्‌झ धरला तर त्या हिशेबाने शुद्ध गांधार ३४९.२३ येतो. तानपुऱ्याच्या खर्जातून आपोआप उमटणारा स्वयंभू गांधार मात्र साच्या सव्वापट, म्हणजे ३४६.४८. दोन्ही एकत्र वाजले की आवाज सेकंदाला जवळपास तीनदा हेलकावतो. पंचमात हा फरक अर्ध्या हर्ट्‌झचाही नसतो. म्हणून नुसता सा-प ऐकून यंत्र सुरेल ठरवू नका. परीक्षा गांधारावर घ्या.

उपाय सोपा आहे. कोडमध्ये साचा एकच आकडा ठेवायचा आणि बाकीचे स्वर त्याच्या पटीत काढायचे: गांधार सव्वा, पंचम दीड, मध्यम चार तृतीयांश. त्यासाठी 'टोन' हे तयार फंक्शन वापरू नका. ते पूर्णांकच घेतं, म्हणजे खर्जातला १३८.५९चा सा नेमका लागतच नाही, आणि एका वेळी एकच चौकोनी, कर्कश सूर देतं. 'मोझी' ही मोफत लायब्ररी घ्या. स्वतःच लिहायची हौस असेल तर लहरीची मोजणी ३२ बिटांत करा. सेकंदाला ३१,२५० नमुने असताना १६ बिटांत दोन सुरांमधली पायरी जवळपास अर्ध्या हर्ट्‌झची पडते, आणि दीडपटीचा पंचम पुन्हा पियानोच्या पंचमाजवळ जाऊन बसू शकतो. कोडमध्ये कुठेही 'डिले' नको. तेवढा वेळ आवाज तुटतो.

आता तारांकडे. उनोच्या पिनमधून निघतात ते वेगाने चालू-बंद होणारे ठोके. पिनपुढे २७० ओहमचा रेझिस्टर आणि तिथून ग्राउंडला १०० नॅनोफॅरडचा कपॅसिटर लावला की सुमारे ६ किलोहर्ट्‌झच्या वरची किरकिर दबते. आठ ओहमचा स्पीकर थेट पिनला जोडणं म्हणजे चिप गमावणं: पाच व्होल्टला तो सहाशेहून जास्त मिलिअँपिअर मागतो, पिनची कमाल मर्यादा ४०. मध्ये छोटा अँप्लिफायर हवाच. हेडफोन लावायचा तर आधी टेबलावर ठेवून ऐका, मग कानाला.

स्वस्त मोबाइल चार्जरवर भणभण येते. पॉवर बँक त्याहून विचित्र: यंत्र इतकं कमी खातं की तिला वाटतं काही जोडलेलंच नाही, आणि ऐन आलापात ती बंद पडते. मी सहा पेन्सिल सेलचा डबा गोल जॅकला लावला, आवाज स्वच्छ झाला.

केवळ रियाजासाठी सूर हवा असेल तर हा खटाटोप करूच नका; बाजारात चांगला इलेक्ट्रॉनिक तानपुरा मिळतो. बांधायचंच असेल तर यंत्राच्या डबीला यूएसबीसाठी भोक ठेवा. काळी पाचला गाणारं कुणी घरी आलं की कोड पुन्हा उघडावा लागतो.