कमाई वाढली, श्रेय कोणाचं?

प्रश्न : आमची संस्था तरुणांना वायरिंगचं काम शिकवते. कोर्सनंतर वर्षभरात मुलांची कमाई दुप्पट झाली. हे आमचंच यश ना? – एक वाचक, जळगाव

उत्तर : एवढ्यात पेढे वाटू नका. प्रशिक्षणाला माणूस येतो तोच बहुधा हातचं काम सुटल्यावर. त्याची गाडी पुढे तशीही रुळावर आली असती. अर्थतज्ज्ञ ऑर्ली अ‍ॅशेनफेल्टर यांनी १९७८ मध्ये प्रशिक्षणाआधी कमाईत पडणारा हा खड्डा दाखवला.

मग न शिकलेल्यांशी तुलना? तीही फसवते. अमेरिकेत १९७० च्या दशकात ‘नॅशनल सपोर्टेड वर्क’ योजनेसाठी उमेदवार सोडतीने निवडले गेले. त्यातले १८५ प्रशिक्षित पुरुष, नंबर न लागलेल्या २६० जणांपेक्षा १९७८ मध्ये सरासरी १,७९४ डॉलर जास्त कमावत होते. त्याच १८५ जणांची तुलना देशव्यापी पाहणीतल्या सर्वसाधारण पुरुषांशी केली, तर ते १५,००० डॉलरहून अधिक मागे! रॉबर्ट लालाँड यांनी १९८६ मध्ये नेमकी हीच गफलत उघड केली होती.

तुमच्याकडे जागांपेक्षा अर्ज जास्त येत असतील, तर चिठ्ठ्या टाका. नंबर न लागलेल्यांचे फोन क्रमांक जपा. वर्षाने दोन्ही गटांना तेच प्रश्न विचारा. कोर्स अर्ध्यात सोडलेल्यांनाही मोजा. जो फरक उरेल, तो तुमचा.