लक्ष्मी द्रोणी : अरबी समुद्राच्या तळाची रचना आणि गाळ

शालेय भूगोलात आपण सर्वांनी सागरतळाची आकृती काढलेली आहे : किनारा, समुद्रबूड जमीन, खंडान्त उतार आणि शेवटी सागरी मैदान. आकृती योग्यच आहे. पण उतार संपला की पुढे सारे एकसारखे सपाट, अशी एक समजूत तिच्यामुळे मनात राहून जाते. आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोरचा समुद्र तसा नाही. म्हणूनच या लेखासाठी आम्ही लक्ष्मी द्रोणीचे उदाहरण घेतले आहे.

खंडान्त उतार उतरून गेल्यावर सुमारे 3,600 मीटर खोल पाण्याखाली ही द्रोणी लागते. तिच्या पश्चिमेस लक्ष्मी पर्वतरांग आहे. पण ती बव्हंशी गाळाखाली गाडली गेली आहे. द्रोणीच्या मध्यभागी काही सागरी पर्वत असून त्यांना रमण, पणिक्कर व वाडिया अशी भारतीय शास्त्रज्ञांची नावे देण्यात आली आहेत. आमच्या विद्यार्थ्यांनी ही नावे नकाशात अवश्य शोधावीत.

सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा लाव्हा वाहिला आणि त्यानंतर थोड्याच काळात सेशेल्सचा भूभाग भारतापासून विलग झाला. या ताणातच लक्ष्मी द्रोणी घडली, असे सामान्यतः मानले जाते. पुढचा प्रश्न मात्र वादाचा आहे. द्रोणीचा तळखडक म्हणजे ताणून पातळ झालेले भूखंडच, की नव्याने निर्माण झालेले सागरी कवच? गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेतील संशोधकांनी 1994 साली येथील चुंबकीय पट्ट्यांच्या आधारे सागरी कवचाची बाजू मांडली. इतरांच्या मते हे पट्टे भूखंडात घुसलेल्या लाव्हाचे असू शकतात.

2015 साली आंतरराष्ट्रीय सागरतळ वेधन कार्यक्रमाच्या 355 व्या मोहिमेत ‘जोइडेस रेझोल्यूशन’ या जहाजाने द्रोणीत दोन ठिकाणी वेधन केले. भारताचे धनंजय पांडे व पीटर क्लिफ्ट हे मोहिमेचे सहप्रमुख होते. दोन्ही ठिकाणी तळाखाली सुमारे 1,100 मीटरपर्यंतचे नमुने मिळाले.

वरच्या थरांत वाळू, पोयटा, चिकणमाती आणि सूक्ष्म जीवांच्या चुनखडी कवचांचा गाळ आहे. सिंधूचे मुख येथून सातशे-आठशे किलोमीटर दूर असले, तरी बराचसा गाळ तिचाच आहे. उतारावरून निसटलेले गढूळ पाण्याचे जड प्रवाह तो इतक्या लांब वाहून आणतात. काही गाळ मात्र आपल्या बाजूचा आहे. अभ्रकयुक्त गाळ हिमालयाकडे बोट दाखवतो, तर बेसाल्ट कुजून होणारी, पाण्याने फुगणारी माती दख्खनकडे. काळ्या रानाची उन्हाळ्यात भेगाळणारी जमीन ज्यांनी कसली आहे, त्यांना ही माती वेगळी सांगायला नको.

त्याखाली जे सापडले, ते आम्हांला सर्वांत विलक्षण वाटते. सुमारे 1 कोटी 8 लाख वर्षांपूर्वी भारताच्या पश्चिम खंडान्त उताराचा एक प्रचंड भाग घसरून द्रोणीत कोसळला. या समुद्राखालच्या दरडीला ‘नटराज’ असे नाव आहे. तिचे आकारमान सुमारे 19,000 घन किलोमीटर मानले जाते. तो ढिगारा महाराष्ट्रभर सारखा पसरला, तर साठ मीटरांहून जाड थर होईल! एका वेधनस्थळी हा ढिगारा सुमारे 330 मीटर, तर दुसऱ्या ठिकाणी सुमारे 190 मीटर जाड आढळला. उथळ समुद्रात बनलेल्या चुनखडकाचे तुकडे त्यात होते; एवढ्या खोलीवर ते मूळचे असणे शक्य नाही.

दुसऱ्या वेधनस्थळी या ढिगाऱ्याच्या थेट खाली सुमारे 6.2 कोटी वर्षांपूर्वीचा मातीखडक लागला. मधल्या जवळजवळ 5 कोटी वर्षांची पानेच तेथे नाहीत. हिमालयाच्या झिजेचा आरंभ आणि मान्सूनचा जुना इतिहास वाचण्याच्या आशेने मोहीम गेली होती. नेमका तोच काळ हाती लागला नाही.

सर्वांत तळाशी बेसाल्ट मिळाला. पण बेसाल्ट मिळाल्याने वाद मिटला नाही; कारण लाव्हा भूखंडावरही पसरतो, हे दख्खनच्या रहिवाशांना ठाऊकच आहे. पुढे काही अभ्यासकांना या खडकाच्या रसायनात, एक कवच दुसऱ्याखाली सरकते तेथील खडकांशी साम्य दिसले, आणि गुंता आणखी वाढला. या प्रश्नाला व्यावहारिक बाजूही आहे. भूखंडी कवच व सागरी कवच यांतून वर येणारी उष्णता सारखी नसते, आणि वरच्या गाळातील सेंद्रिय द्रव्य किती तापले, त्याचे तेल वा वायू झाले की नाही, हे त्या उष्णतेवर ठरते.