रंग नको, बेड बघ!

सुरुवातीलाच सांगते, माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं. त्यामुळे लेखात कुठे मराठीची मोडतोड झाली तर सांभाळून घ्या. पण विषय आपल्या सगळ्यांच्या कामाचा आहे. आपण मेकॅनिकलवाले (आणि हॉस्टेलच्या रूममध्ये सोल्डरिंग आयर्न लपवून ठेवणारे इलेक्ट्रॉनिक्सवालेसुद्धा!) कधी ना कधी म्हणतोच, "घरी आपलं एक छोटं वर्कशॉप पाहिजे यार." मग नव्या मशीनच्या किमती बघतो आणि गप्प बसतो. जुन्या मालात हेच स्वप्न बऱ्याच कमी पैशात बसतं. अट एकच, डोळे उघडे पाहिजेत. माझे मिटलेले होते, म्हणून हा लेख!

माझे पप्पा सव्वीस वर्षं एका कंपनीत टर्नर होते. मागच्या वर्षी कंपनी बंद पडली. हिशेबाचे जे पैसे मिळाले त्यातले साठ हजार बाजूला काढून घरामागच्या शेडमध्ये जॉबवर्क सुरू करायचं त्यांनी ठरवलं. मी जोशात म्हटलं, "ग्राइंडर मी आणते!" रविवारी पुण्यात मंगळवार पेठेतल्या जुन्या बाजारात गेले. "ताई, एकदम रनिंग कंडिशन!" दुकानदाराने चालवून दाखवला, मी 2800 रुपये मोजले. घरी पप्पांनी त्याची प्लेट पुसली आणि वाचली : 415 व्होल्ट, थ्री-फेज. आमच्या घरी सिंगल फेज, 230 व्होल्ट. आणि मला इलेक्ट्रिकल मशीन्समध्ये 71 मार्क!

पप्पा रागावले नाहीत. एवढंच म्हणाले, "मार्कांवर मशीन चालत नाही गं." ते जास्त लागलं. पुढचे तीन महिने दर रविवारी मी त्यांच्याबरोबर फिरले. जे शिकले ते खाली देते.

1) आधी प्लेट वाचा

व्होल्टेज, फेज, आरपीएम, एचपी. कारखान्यातला माल बहुधा थ्री-फेज असतो, म्हणून तर तो स्वस्त मिळतो. लेथची किंवा ड्रिलिंग मशीनची मोटर बाहेर असते, ती काढून सिंगल फेजची बसवता येते. पण बेंच ग्राइंडरची मोटर त्याच्या बॉडीतच असते, तिथे हा उपाय चालत नाही. प्लेटवर 230/415 असे दोन आकडे असतील तर मोटर डेल्टामध्ये जोडून, सिंगल फेज इनपुटच्या व्हीएफडीवर चालवता येते. फक्त व्हीएफडीची किंमत आधी विचारा, मग घासाघीस करा. प्लेटच नसेल तर पुढच्या दुकानात चला.

2) ग्राइंडिंग व्हील वाजवून बघा

व्हील काढून, बोटावर लटकवून, स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने हलकेच ठोका. चांगलं व्हील घंटेसारखं खणकन वाजतं. तडा गेलेलं बद्द वाजतं. ही अंधश्रद्धा नाही, याला रिंग टेस्ट म्हणतात. थोडं गणित करा : 200 मिमीचं व्हील 2800 आरपीएमने फिरलं तर कडेचा वेग सेकंदाला साधारण 29 मीटर, म्हणजे ताशी 105 किलोमीटर! त्या वेगाने फुटलेला तुकडा तोंडावर आला तर काय होईल, सांगायला नको. जुन्या मशीनबरोबर आलेलं व्हील शक्यतो टाकूनच द्या.

3) मापाची हत्यारं

व्हर्नियरवर भारी कंपनीचं नाव कोरलेलं असतं, पण नाव कोरायला काय लागतं? जबडे मिटवून उजेडासमोर धरा. फटीतून प्रकाश दिसला तर परत ठेवा. मग शून्य जुळतंय का बघा. पप्पांची युक्ती सगळ्यात मस्त. ते खिशात एक कोरं 6202 बेअरिंग घेऊन जातात. त्याचं आतलं माप 15, बाहेरचं 35 आणि जाडी 11 मिमी. बेअरिंगची मापं मायक्रॉनमध्ये सांभाळलेली असतात, त्यामुळे व्हर्नियरचे आतले आणि बाहेरचे दोन्ही जबडे जागेवर तपासून होतात. दुकानदाराशी वादच नाही!

4) ड्रिल आणि टूल बिट

"एचएसएस आहे" असं सगळेच सांगतात. ग्राइंडरला टेकवून ठिणग्या बघा. साध्या कार्बन स्टीलच्या ठिणग्या पिवळ्या-पांढऱ्या आणि फुलबाजीसारख्या फुटणाऱ्या. एचएसएसच्या मंद, लालसर आणि फारशा न फुटणाऱ्या. गॉगल घालूनच बरं का!

5) आता लेथ

हा खरा पेपर. आम्ही पहिला बघितला तो साडेचार फुटी, हिरवागार, नुकताच रंगवलेला. 46 हजार. मला तर तो बघताक्षणी आवडला. मी पप्पांना हळूच म्हटलं, "ॲडव्हान्स देऊन टाकू या का? दुसरं गिऱ्हाईक नेईल." पप्पांनी उत्तर दिलं नाही. चकजवळच्या बेडवर आडवं नख फिरवलं. नख अडकलं. मला म्हणाले, "तूपण फिरव." खरंच, बारीक पायरी लागत होती.

मग त्यांनी कॅरेज चकजवळ नेलं, ते जेमतेम सरकेल इतपत त्याच्या पट्ट्या आवळल्या आणि तसंच टेलस्टॉककडे ढकललं. अर्ध्यात जाऊन ते जाम! कारण सोपं आहे. बहुतेक जॉब आखूड असतात, म्हणून कॅरेज वर्षानुवर्षं चकजवळच घासतं. तिथे बेड झिजतो, टेलस्टॉककडे नवाच राहतो. असा बेड सरळ करायचा तर पुन्हा ग्राइंड करावा लागतो, आणि तो खर्च आपल्या आवाक्यातला नाही. बाहेर आल्यावर पप्पा म्हणाले, "रंग नको, बेड बघ. रंग दोन हजारात होतो."

दुसरा लेथ एका बंद झालेल्या छोट्या युनिटमध्ये होता. तेल आणि धुळीचा थर इतका की हात लावायची इच्छा होईना. पण त्याच तेलाखाली बेड चकचकीत होता! आपल्या वर्कशॉपच्या सरांनी डायल गेज दिला होता (थँक्यू सर!). आम्ही काय काय बघितलं त्याची यादी :

- स्पिंडलच्या नाकावर गेज लावून, चकमध्ये धरलेला बार वर उचलला. काटा किती हलतो यावर बेअरिंगची तब्येत कळते.
- सगळ्या स्पीडवर चालवला. ठरावीक लयीत "टक्‌ टक्‌" आलं की एखादा दात तुटलाय.
- क्रॉस स्लाइडचं हँडल उलटं फिरवलं. थोडा बॅकलॅश असतोच, त्याला घाबरू नका. नट बदलता येतो.
- आटे पाडायच्या चेंज गिअरचा सेट मोजला. दोन गिअर कमी निघाले. त्यावरून भाव उतरवला!
- शेवटी 100 मिमी लांब बार टर्न केला आणि दोन्ही टोकांना मोजला. फरक 0.02 मिमी. पप्पांचा चेहरा तेव्हा बघायला पाहिजे होता.

45 सांगितले, 41 हजारांत ठरला.

6) खरी किंमत काढा

सांगितलेला भाव म्हणजे किंमत नव्हे. आम्हाला टेम्पो, चेन पुली आणि हमाली मिळून 4500, राहिलेले गिअर 2200, सिंगल फेज मोटर आणि वायरिंग 7000. म्हणजे 41 हजारांचा लेथ 54,700 ला पडला. ही बेरीज घरी बसून आधीच केली होती म्हणून निभावलं. नाहीतर साठ हजारांत शेडमध्ये नुसता लोखंडाचा ढीग उभा राहिला असता.

7) कुठे जायचं?

हातातल्या हत्यारांसाठी जुना बाजार (बुधवार आणि रविवार). नव्या मालासाठी मुंबईत मस्जिद बंदरची नागदेवी स्ट्रीट. सिनियर्स अजून कुदळवाडीचं नाव सांगतात, पण तिथली बरीच गोदामं फेब्रुवारी 2025 मध्ये महापालिकेच्या कारवाईत पाडली गेली. जुन्या पत्त्यावर जाऊन हेलपाटा घालू नका. एमएसटीसी या सरकारी कंपनीचे ई-लिलाव असतात, पण तिथे माल लॉटने जातो, एकट्याचं काम नाही. सगळ्यात चांगला माल मिळतो तो स्वतः मशीन चालवलेल्या माणसाकडून. तो खोड्याही सांगतो.

आणि बिल घ्याच. भाव फारच कमी आणि बिल नाही म्हटलं की शंका घ्या. चोरीचा माल आहे असं वाटायला जागा असूनही घेणं हा गुन्हा आहे (भारतीय न्याय संहिता, कलम 317).

असो. शेडमध्ये आता बुश आणि पिनांची कामं येतात. फार नाहीत, पण येतात. माझा थ्री-फेज ग्राइंडर तिथेच कोपऱ्यात आहे. पप्पांनी त्याच्यावर फळी टाकून चहाचे कप ठेवायची सोय केली आहे. मी सुट्टीत घरी गेले की चहा तिथेच मिळतो, आणि दर वेळी न चुकता प्लेट माझ्याकडे वळवलेली असते!

कुणाला जुन्या बाजारात जायचं असेल तर रविवारी सकाळी लेडीज हॉस्टेलच्या गेटवर भेटा. 6202 माझ्या सॅकमध्ये असतं.

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी