सँक्शन: मंजुरी की निर्बंध? शब्दसंग्रहाची तयारी एका शब्दापासून

मागच्या महिन्यात बंगळुरूतल्या सर्जापूर रोडवरच्या आमच्या सोसायटीतली अकरावीतली एक मुलगी सराव परीक्षेचा पेपर घेऊन माझ्याकडे आली. सोबत आई होती. कुटुंब मूळचं साताऱ्याचं, आईबाबा दोघंही आयटीत, आणि मुलीला कायद्याचं शिक्षण घ्यायचंय. आई दारातच म्हणाली, "ताई, तीन हजार शब्दांची यादी पाठ केलीय हिनं. तरी मार्क इंग्रजीतच जातात. आता आणखी काय करायचं?"

पेपर पाहिला. उतारा 1990 सालचा, इराकनं कुवेतवर केलेल्या आक्रमणाबद्दल. संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेनं इराकवर 'सँक्शन्स' लादली, असं त्यात एक वाक्य होतं आणि शब्दाचा अर्थ विचारला होता. मुलीनं 'मंजुरी' या पर्यायावर खूण केली होती.

"मावशी, यादीत हाच अर्थ दिलाय. आणि बाबाही म्हणतात ना, लोन सँक्शन झालं!"

तिचं उत्तर चुकलं, पण त्यात आळस नव्हता. या रस्त्यावर नव्यानं फ्लॅट घेतलेल्या प्रत्येक घरात हा शब्द मंजुरीच्याच अर्थानं फिरतो. सँक्शन लेटर आलं का, प्लॅन सँक्शन आहे का, हेच तिच्या कानावर पडलेलं. यादीनं तोच अर्थ पक्का केला. दुसऱ्या अर्थाशी तिची गाठ कुणी घालूनच दिली नाही.

परीक्षा नेमकं काय विचारतात?

पालकांच्या मनात अजून जुनी परीक्षा आहे: शब्द द्या, विरुद्धार्थी शब्द ओळखा. ती पद्धत मोठ्या परीक्षांमधून मागे पडत चालली आहे. परदेशी उच्च शिक्षणासाठीच्या जीआरईनं सुटे विरुद्धार्थी शब्द 2011 मध्येच काढून टाकले. आता वाक्यातली रिकामी जागा भरावी लागते. राष्ट्रीय विधी विद्यापीठांसाठीच्या क्लॅटमध्ये 2020 पासून इंग्रजीचे प्रश्न उताऱ्यांवर येतात, आणि शब्दाचा अर्थही त्या उताऱ्याच्या संदर्भातच ठरवायचा असतो. इंग्रजीची पातळी तपासणाऱ्या आयईएलटीएसच्या लेखन आणि संभाषणात शब्दसंपदेला एक चतुर्थांश वजन आहे, आणि तिथे शब्द नेमका वापरलाय का हे तपासतात. कर्मचारी निवड आयोगाच्या परीक्षांत समानार्थी शब्द आणि वाक्प्रचार आजही थेट येतात, म्हणून यादी अगदी निरुपयोगी नाही. पण यादी ही सुरुवात आहे. तिथेच थांबलात तर वाक्य समोर आल्यावर अडखळाल.

एक शब्द, एक पान

त्या संध्याकाळी आम्ही तीन हजारांची यादी बाजूला ठेवली आणि कोऱ्या वहीच्या एका पानावर फक्त 'सँक्शन' लिहिलं.

पहिलं काम, मराठी अर्थ. पानाच्या मधोमध रेघ मारली. डावीकडे मंजुरी, उजवीकडे निर्बंध. इंग्रजीनं एका शब्दात कोंबलेले हे दोन अर्थ मराठीत आधीच वेगळे आहेत.

दुसरं काम, मूळ. हा शब्द लॅटिनमधून आला. तिथे त्याचा संबंध एखादी गोष्ट पवित्र, अटळ ठरवण्याशी, म्हणजे कायदा करण्याशी होता. कायदा एखाद्या गोष्टीला मान्यता देतो आणि मोडणाऱ्याला शिक्षाही सांगतो. त्या एकाच मुळातून पुढे दोन्ही अर्थ निघाले. हे कळल्यावर मुलगी म्हणाली, "मग हे आता विसरणारच नाही."

तिसरं काम, शब्दाची सोबत. माणूस जसा संगतीवरून ओळखतात, तसाच शब्दही. लोन, प्लॅन, पोस्ट, लेटर हे शेजारी असतील तर मंजुरी. इम्पोज, लिफ्ट, इकॉनॉमिक, अगेन्स्ट हे शेजारी असतील तर निर्बंध. शेवटी 'स' लागून अनेकवचन झालं असेल तर बहुतेक वेळा निर्बंधच. 'सँक्शन्ड' मात्र दोन्हीकडे जातो: सँक्शन्ड पोस्ट म्हणजे मंजूर पद, आणि आंतरराष्ट्रीय बातमीतली सँक्शन्ड बँक म्हणजे निर्बंध घातलेली बँक.

चौथं काम, स्वतःची दोन वाक्यं. पुस्तकातली उतरवायची नाहीत. एक वाक्य बाबांच्या गृहकर्जावर, एक त्या दिवशीच्या वर्तमानपत्रावर.

पाचवं काम, उजळणी. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञानं 1885 मध्ये स्वतःवरच प्रयोग करून दाखवलं की पाठ केलेलं सुरुवातीला झपाट्यानं विसरतं, आणि अंतर ठेवून केलेली उजळणी एका बैठकीतल्या घोकंपट्टीपेक्षा जास्त टिकते. म्हणून तेच पान दुसऱ्या दिवशी, मग आठवड्यानं, मग महिन्यानं पुन्हा उघडायचं. अर्थ झाकून आधी आठवायचा, मग पाहायचा.

आठवड्याला असे दहा शब्द केले तरी वर्षात पाचशेच्या वर होतात. आणि हे पाचशे शब्द पेपरात दगा देत नाहीत.

पालकांसाठी थोडं

या भागात मुलांच्या कानावर दिवसभर चार-पाच भाषा असतात. शाळेत इंग्रजी, बसमध्ये हिंदी, भाजीवाल्याकडे कन्नड किंवा तेलुगू. त्यात अनेक आईबाबा घाबरून घरातही इंग्रजीच बोलू लागतात. कृपा करून असं करू नका. मंजुरी आणि निर्बंध हे दोन शब्द ज्या मुलीकडे आधीपासून आहेत, तिला सँक्शनचे दोन अर्थ वेगळे करायला पाच मिनिटं लागतात. ज्याच्याकडे ते नाहीत, त्याला इंग्रजी शब्दाचा अर्थ दुसऱ्या इंग्रजी शब्दातच शोधत बसावं लागतं. थॉमस कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश 1847 मध्ये निघाला. तेव्हापासून आपल्या कोशकारांनी एकेका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द मांडून ठेवले आहेत. ती श्रीमंती आपल्या मुलांची आहे. घरी एक चांगला इंग्रजी-मराठी कोश ठेवा आणि तो हाताशी राहील अशा जागी ठेवा.

आणखी एक. "आज किती शब्द झाले?" असं विचारू नका. "आज कोणता शब्द भेटला, सांग की मला," असं विचारा. समजावून सांगताना मुलाचं स्वतःचं पक्कं होतं, आणि जेवणाच्या टेबलावर परीक्षेचं ओझंही राहत नाही.

परवा ती मुलगी पुन्हा आली, या वेळी एकटीच. वहीतलं नवं पान उघडून माझ्यासमोर धरलं. वर लिहिलं होतं 'ओव्हरसाइट'. मधोमध रेघ. डावीकडे देखरेख, उजवीकडे नजरचूक.

"मावशी, बातमीत कमिटीच्या आधी हा शब्द आला होता, म्हणून देखरेख. आणि शाळेच्या पत्रात चूक कबूल करताना आला, तिथे नजरचूक. बरोबर ना?"

अगदी बरोबर. आणि हा शब्द तिला कुणी दिला नव्हता, तो तिनं स्वतः शोधला होता.