लुइस ग्रासिक गिबन : निवेदनाची भाषा आणि लेखकाचे द्वैत

कादंबरीतील बोलीचा वापर बहुधा संवादांपुरता मर्यादित राहतो. पात्रे बोलीत बोलतात आणि निवेदक प्रमाणभाषेत त्यांच्याविषयी सांगतो. परिणामी निवेदक पात्रांहून वरच्या पायरीवर उभा राहतो. स्कॉटिश कादंबरीकार लुइस ग्रासिक गिबन (१९०१-१९३५) यांनी ही पायरीच नाहीशी केली.

त्यांचे मूळ नाव जेम्स लेस्ली मिचेल. ॲबर्डीनशायरमधील शेतकरी कुटुंबात जन्मलेल्या मिचेल यांचे बालपण मर्न्स भागातील आर्बथनॉट येथे गेले. ॲबर्डीन व ग्लासगो येथे पत्रकारितेत उमेदवारी केल्यावर १९१९ मध्ये ते सैन्यात दाखल झाले. पुढे १९२९ पर्यंत ते हवाई दलात कारकून होते. 'स्पार्टाकस' (१९३३) ही कादंबरी त्यांनी मूळ नावाने प्रसिद्ध केली. मर्न्सच्या भूमीविषयीच्या लेखनासाठी मात्र आईच्या माहेरच्या नावावरून घेतलेले टोपणनाव स्वीकारले. विशेष म्हणजे हे लेखन इंग्लंडमधील वेल्विन गार्डन सिटी येथे झाले.

'सनसेट साँग' (१९३२), 'क्लाउड हाउ' (१९३३) व 'ग्रे ग्रॅनाइट' (१९३४) या कादंबरीत्रयीची नायिका ख्रिस गथ्री हिच्या मनातही असेच द्वैत आहे. शाळा आणि पुस्तके तिला इंग्रजीकडे नेतात. जमीन आणि घर तिला स्कॉट्स बोलीशी बांधून ठेवतात. गिबन यांनी निवेदनासाठी दोहोंपैकी कोणतीही भाषा जशीच्या तशी घेतली नाही. इंग्रजी वाक्याला स्कॉट्स उच्चारणाची लय देऊन त्यात मोजके बोलीशब्द पेरले. अवतरणचिन्हे टाळल्याने संवाद निवेदनात मिसळून जातो. द्वितीयपुरुषी सर्वनामाच्या योजनेमुळे एकच वाक्य ख्रिसचे स्वगत आणि गावाची कुजबुज अशा दोन्ही रूपांत ऐकू येते.

या शैलीचे मोल आशयाशी जोडूनच कळते. पहिल्या महायुद्धात किनरॅडी या कल्पित गावातील माणसे बळी पडतात, युद्धासाठी झाडे तोडली जातात आणि छोट्या शेतकऱ्याचे जग संपते. ज्यांची ही बोली होती ती माणसे उरत नाहीत. निवेदनात त्यांचा स्वर तेवढा उरतो. 'ग्रे ग्रॅनाइट'मध्ये कथानक औद्योगिक शहरात जाते, तेव्हा हा सामूहिक स्वर विरळ होतो. याकडे केवळ शैलीचा दोष म्हणून पाहणे अपुरे ठरेल. गाव विखुरल्यावर गावाचा आवाज अखंड राहू शकत नाही, हे त्यातून सूचित होते.

७ फेब्रुवारी १९३५ रोजी, वयाची चौतीस वर्षे पूर्ण होण्यापूर्वीच गिबन निधन पावले. त्यांच्या अस्थी आर्बथनॉटच्या चर्चच्या आवारात आहेत. बोलीला कादंबरीत केवळ स्थानिक रंग न मानता जीवनदृष्टीचे माध्यम मानणे, हे त्यांच्या अल्प कारकिर्दीचे खरे योगदान होय.