जुनी आल्टो ठेवायची तर खर्च किती?

मारुती आठशे जानेवारी २०१४ मध्ये बंद झाली, तरी एमएच २१ पासिंगच्या आठशे आणि जुन्या आल्टो भोकरदन, परतूर, मंठ्याकडे अजून रोज धावतात. सुटे भाग स्वस्त आणि मिस्त्री गावोगाव, म्हणून ही गाडी परवडते. पण आधी कागदपत्रांचा हिशेब करा, मग गॅरेजचा.

खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांनी संपते आणि पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं. मोटारीला त्याचं शुल्क ५,००० रुपये. गाडीने वीस वर्षं ओलांडली असतील तर ऑगस्ट २०२५ च्या अधिसूचनेनुसार १०,०००. उशीर झाला की महिन्याला ५०० रुपये जास्तीचे. राज्याचा पर्यावरण कर वेगळा. हजार सीसीपर्यंतच्या मोटारीचा थर्ड पार्टी विमा, २०२२ मध्ये ठरलेल्या दराने, वर्षाला २,०९४ रुपये अधिक जीएसटी. एकोणीस वर्षांच्या गाडीचं इंजिन खोलायला मिस्त्री पंचवीस-तीस हजार सांगत असेल, तर त्यात हे आकडे मिळवून पाहा. माझं मत विचाराल तर अशा गाडीवर एवढा पैसा घालू नये.

खाली दिलेले गॅरेजचे दर ढोबळ आहेत. दुकान आणि कंपनीप्रमाणे ते बदलतात.

आपल्याकडे जुनी गाडी मरते ती उन्हाने आणि पाण्याने. पारा चाळिशीपार जातो आणि रेडिएटरमध्ये बोअरचं नाहीतर टँकरचं जड पाणी ओतलेलं असतं. क्षार साचून नळ्या बुजतात, काटा वर चढतो, आणि तशीच गाडी घरापर्यंत रेटली की हेड गॅस्केट जातं. हेड फेसिंगसह हे काम आठ ते बारा हजारांचं. त्याऐवजी फेब्रुवारीतच रेडिएटर साफ करून घ्या आणि डिस्टिल्ड पाण्यात कूलंट भरा; सगळं मिळून हजार-दीड हजारात होतं. फॅन लागत नसेल तर काही मिस्त्री तो ‘डायरेक्ट’ करून देतात, थर्मोस्टॅटचा वॉल काढून टाकतात. दोन्हींना ठाम नकार द्या. वॉल नसला की इंजिन हवं तेवढं तापत नाही आणि ॲव्हरेज घटतं. सतत फिरणारा फॅन खरा बिघाड झाकून ठेवतो. काटा लाल खुणेकडे गेला की गाडी थांबवा, आणि गरम रेडिएटरचं झाकण मुळीच उघडू नका.

सकाळी गाडी सुरू होत नसेल तर आधी कान द्या. नुसता कट-कट आवाज आला तर बॅटरी. टर्मिनलवरची पांढरी-हिरवी बुरशी गरम पाण्याने धुऊन आवळली की पुष्कळदा काम भागतं. बॅटरी बदलण्याआधी इंजिन चालू ठेवून मीटर लावायला सांगा, १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसले नाहीत तर दोष अल्टरनेटरचा, नवी बॅटरीही उतरेल. जुनी परत देऊन नवी साडेतीन-साडेचार हजारांत येते. सेल्फ फिरतो पण इंजिन पकडत नाही, तर चावी ‘ऑन’ करून मागच्या सीटखाली पंपाची गुणगुण येते का ऐका. ती येत नसेल तर आधी फ्यूज पाहा. येत असेल तर प्लग काढून बघा. नवे तिन्ही प्लग मिळून चार-पाचशेच्या आत.

टायमिंग बेल्ट कधी बदलला याची नोंद नसेल तर बदलूनच टाका. तो तुटला की इंजिन जागच्या जागी बंद पडतं. काम सुरू होण्याआधी अंदाजपत्रक कागदावर घ्या, आणि काढलेले जुने पार्ट डिकीत ठेवायला सांगा.

समृद्धी महामार्गावर गाडी घालायची असेल तर आधी टायरवरचे शेवटचे चार अंक वाचा. २३१९ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. सहा वर्षांपुढचं टायर, नक्षी चांगली दिसली तरी, तिथल्या वेगाला आणि तापलेल्या काँक्रीटला मी भरवशाचं मानत नाही. बारा इंची टायर अडीच ते साडेतीन हजारांना पडतं. चारही बदलेपर्यंत संभाजीनगरला जुन्या रस्त्यानेच, बेताच्या वेगाने जा.