टेप यंत्रात घालण्याआधी

कॅसेट हातात पडली की आधी नाकाशी ने, मग उजेडात धर, आणि यंत्रात सगळ्यात शेवटी घाल. जुन्या मालिकांच्या प्रती जमवायचं काम तू मनावर घेतलंयस, याचा मला, तुझ्या मामाला, किती आनंद झालाय ते तुला सांगून कळायचं नाही. पण काम नाजूक आहे, म्हणून हात लावण्याआधी चार गोष्टी ऐक.

ओल्या भिंतीसारखा कुबट वास आला तर कॅसेटच्या काचेतून टेपच्या गुंडाळीची कड बघ. पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी. मुंबई-कोकणातल्या पावसाळ्यात माळ्यावर पडलेल्या कॅसेटला ती लागतेच. अशी एक टेप यंत्रात फिरली की बुरशी हेडला, म्हणजे टेप वाचणाऱ्या टोकाला, आणि रुळांना चिकटते, तिथून पुढच्या प्रत्येक टेपवर जाते. ती वेगळ्या पिशवीत बांध, वर चिठ्ठी लाव आणि टेप साफ करणाऱ्या जाणत्या माणसाकडेच दे. फिल्मच्या डब्यातून व्हिनेगरचा आंबट वास आला तर फिल्मचा पायाच कुजायला लागलाय. तो डबा बाकीच्यांपासून लांब ठेव, आणि कामाच्या रांगेत मात्र पहिला घे. त्या फिल्मकडे वेळ कमी आहे.

दुसरं काम, पुसण्याचा धोका काढून टाक. व्हीएचएसच्या पाठीवरची छोटी प्लास्टिकची पट्टी शाबूत असेल तर मोडून टाक. यू-मॅटिक कॅसेटला तळाशी लाल बटण असतं, ते काढून ठेव. मग कुणाचं बोट चुकून रेकॉर्डवर गेलं तरी काही बिघडत नाही. हेड पुसायचं तर शॅमॉय चामड्याच्या तुकड्यावर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, हेड बसवलेला ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेने, आडवंच. उभं पुसलंस तर हेडचं टोक तुटेल. कानातल्या कापसाच्या काड्या त्या खोलीत आणूच नकोस, त्यांचे धागे हेडमध्ये अडकतात.

आता मुख्य गोष्ट. चित्राकडे बघून ‘छान आहे’ किंवा ‘खराब आहे’ एवढंच म्हणणारा या कामाचा नाही. चित्रातला प्रत्येक दोष ती प्रत कुठून कुठे फिरली ते सांगतो, आणि ते तुला वाचता आलं पाहिजे. पडद्याच्या अगदी तळाशी फाटकी, थरथरणारी पट्टी दिसली तर ती प्रत केव्हा ना केव्हा घरगुती व्हिडिओ टेपवर उतरली होती, मग आज तुझ्याकडे ती कुठल्याही चकचकीत फाइलमध्ये येवो. लाल पदराचा रंग पदराच्या बाहेर सांडलेला दिसला तर कॉपीवरून कॉपी झालीय. क्षणभर पांढरी रेघ चमकून गेली तर टेपवरचा लेप तिथे उडालाय. उभे ओरखडे, कोपऱ्यात अडकलेला केस, चित्राचं हलकं डुलणं, ही फिल्मची खूण. आणि पात्राच्या हाताची हालचाल बघ. आपल्याकडच्या प्रक्षेपणात सेकंदाला २५ चित्रं असली तरी प्रत्येक चित्र दोन अर्ध्या भागांत यायचं, म्हणजे हालचालीचे ५० टप्पे. म्हणून स्टुडिओत टेपवर केलेल्या मालिकेत हात वाहता दिसतो. तीच मालिका कुठे तुटक हलताना दिसली तर मधल्या कुणीतरी अर्धे टप्पे टाकून दिलेत. अशी प्रत कितीही स्वच्छ दिसली तरी शोध थांबवू नकोस.

कुणी तारीख सांगितली तर पडताळून बघ. मुंबई दूरदर्शन केंद्र २ ऑक्टोबर १९७२ला सुरू झालं, आणि रंगीत प्रक्षेपण आलं १९८२मध्ये. पहिल्या दशकात आपल्याकडे घरात व्हिडिओ रेकॉर्डर असणं फारच दुर्मिळ होतं. ते पसरले १९८२च्या आशियाई खेळांच्या आगेमागे. तेव्हा ‘गजरा’ किंवा दिलीप प्रभावळकर-बाळ कर्व्यांचा चिमणराव-गुंड्याभाऊ कुणी ‘त्याच वेळी घरी रेकॉर्ड केलाय’ म्हणालं, तर आदराने ऐक, पण बहुधा ते पुढच्या पुनःप्रक्षेपणाचं रेकॉर्डिंग असतं किंवा कुठूनतरी उतरवलेली प्रत. सत्तरच्या दशकासाठी व्हिडिओपेक्षा ऑडिओ कॅसेट विचार. टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर ठेवून कार्यक्रम उतरवणारी माणसं तेव्हा होती. त्या काळी केंद्रात लागणारी व्हिडिओ टेप महाग, परदेशातून यायची, त्यामुळे पुसून पुन्हा वापरली जायची. ही रीत जगभर होती. बीबीसीसारख्या संस्थेनेही साठच्या दशकातल्या ‘डॉक्टर हू’ या मालिकेच्या टेप पुसल्या, आणि जुन्या प्रती नष्ट करण्याचं हे सत्र १९७८पर्यंत चाललं. तरी त्या मालिकेच्या हरवलेल्या प्रत्येक भागाचा आवाज आज आहे, कारण तेव्हाच्या प्रेक्षकांनी तो घरी टेप केला होता. चित्रं जी मिळाली ती बरीचशी परदेशी वाहिन्यांना विकलेल्या १६ मिलिमीटर फिल्मच्या प्रतींतून. नायजेरियातल्या जोस शहरात एकदम नऊ हरवलेले भाग सापडल्याचं २०१३मध्ये जाहीर झालं.

त्याच मालिकेची आणखी एक हकीकत तू पाठ कर. ‘द डीमन्स’ ही १९७१ची पाच भागांची कथा. त्यातल्या चार भागांच्या फक्त कृष्णधवल फिल्म उरल्या होत्या, नीट रेखीव. रंग होता तो अमेरिकेत कुणीतरी घरी टीव्हीवरून उतरवलेल्या साध्या कॅसेटवर. त्यातलं चित्र मऊ, पुसट. १९९२मध्ये तंत्रज्ञांनी रेखीवपणा फिल्ममधून घेतला, रंग कॅसेटमधून घेतला आणि दोन्ही एकावर एक बसवले. सांगायचं काय, तर एक प्रत चांगली मिळाली म्हणून दुसरी वाईट प्रत फेकायची नाही. वाईट प्रतीत आवाज शुद्ध असेल, मधली कापलेली तीन मिनिटं असतील, शेवटची श्रेयनामावली पूर्ण असेल.

याहून मोठी गोष्ट ठिपक्यांची. रंगीत कार्यक्रमांच्या काही कृष्णधवल फिल्म प्रतींवर बारीक ठिपक्यांची जाळी दिसायची. चित्र बिघडवणारी घाण, असंच ती वर्षानुवर्षं वाटायची. पुढे ब्रिटनमधल्या अभियंत्यांच्या लक्षात आलं की ते ठिपके म्हणजे रंगाचा संकेतच आहे, फिल्मवर चुकून उमटलेला. त्यातून रंग मोजून परत काढला गेला. ‘डॅड्स आर्मी’ या मालिकेचा एक भाग २००८मध्ये असा रंगीत होऊन पुन्हा दाखवला गेला. कुणी ‘चित्र सुधारायला’ म्हणून ते ठिपके पुसले असते तर त्या प्रतीतला रंग कायमचा गेला असता.

म्हणून माझं तुला कळकळीचं सांगणं: मूळ टेपवरून जे उतरवशील ते जसंच्या तसं उतरव. मुंग्या, पट्ट्या, हिसके, सगळं येऊ दे. दोन अर्ध्या भागांचं चित्र आहे तर तसंच ठेव, एकत्र करू नकोस. ते काम पुढे कधीही होतं. चौकोनी चित्राला आजच्या रुंद पडद्यावर ताणू नकोस, वरखाली कापूही नकोस. माणसांची कपाळं कापलेल्या कितीतरी मालिका आज फिरतायत, मला ते बघवत नाही. चेहरे गुळगुळीत करणारी नवी सॉफ्टवेअरं ही फक्त दाखवायच्या प्रतीसाठी, तीही जपून. ती नसलेले तपशील कल्पनेने भरतात, आणि नटाच्या डोळ्याखालची सुरकुती ही त्याची होती, मशीनची नव्हे. साठवणीची प्रत तपशील गाळून दाबलेली नको. एफएफव्ही१सारख्या काहीही न गाळणाऱ्या साच्यात ठेव, तीन ठिकाणी, त्यातली एक दुसऱ्या गावात. आणि डीव्हीडीवर विसंबू नकोस. २००५च्या आसपास लोकांनी मोठ्या विश्वासाने घरी भरलेल्या तबकड्या आज वाचता येईनाशा होतायत.

मधल्या जाहिराती, निवेदिकेचं बोलणं, ‘व्यत्ययाबद्दल क्षमस्व’ची पाटी, यातलं काही कापू नकोस. अर्ध्या वेळा जाहिरातीवरूनच वर्ष लागतं.

परदेशातल्या मराठी घरांकडून काही आलं तर पेटीवर लिहिलेल्यावर न विसंबता आधी चित्राची पद्धत तपास. अमेरिकेतली टेप ५२५ ओळींची, आपली ६२५. तिच्याच जातीच्या यंत्रावर चालव. इथे बदलून घ्यायची घाई केलीस तर आधी एकदा तिकडे बदललेलं चित्र दुसऱ्यांदा बदलेल आणि हालचाल आणखी अडखळेल.

कॅसेट देणाऱ्या माणसाशी घासाघीस करायची नाही. ज्या काकूंनी इतकी वर्षं कपाटात जागा अडवून ती ठेवली, त्यांच्यासमोर बसून टेप कुणी भरली, कुठल्या टीव्हीवरून, मूळ कुणाकडून, हे विचार आणि त्यांच्या शब्दांत लिहून ठेव. टेप परत करताना पेनड्राइव्हवर त्यांची प्रत दे. एका घरी नीट वागलीस की चार घरांतून निरोप येतात.

आणि ‘यात आमच्या मुलीचं लग्न आहे, तुमच्या कामाचं नाही’ म्हणून कुणी कॅसेट बाजूला सारली, तर तीही मागून घे. लोक नवी कॅसेट आणण्याऐवजी मालिकेवरच लग्न भरायचे. तीन तासांच्या कॅसेटवर दोन तासांचं लग्न संपलं की पुढे जुनं रेकॉर्डिंग तसंच राहिलेलं असतं. पाठवणी झाली, पडदा निळा झाला, म्हणून बंद करू नकोस. टेप आपोआप थांबेपर्यंत चालू दे, आणि पुढे काय निघालं ते मिनिटासकट वहीत नोंदव.